पुरेकाकांचं स्टूल

१

मला पगार चालण्याचा मिळतो. हे ऐकलं की लोक आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, तिथे अजून एखादी जागा आहे का हो?

बुटांच्या कारखान्यात नवा सोल दुकानात जाण्याआधी तो कुणीतरी पायात घालून झिजवावा लागतो. यंत्रावरही झिजवतात, पण यंत्राला चढावर धाप लागत नाही, आणि ते दुकानाच्या काचेत बघत रेंगाळत नाही. म्हणून आम्ही चालणारे. सकाळी बूट घालायचे, दिवसभर शहरात वाटेल तिथे भटकायचं, संध्याकाळी परत येऊन सोल दाखवायचा. या सोलला तीन थर असतात. बाहेर काळा, त्याच्या आत पिवळा, सगळ्यात आत लाल. पिवळा दिसला की बूट अर्धा झाला, लाल दिसला की संपत आला. कोणता रंग कुठे आधी दिसतो यावरून माणसाची चाल कळते.

नियम एकच. पाळी चालू असताना बूट आपल्या हातानं काढायचे नाहीत. आत खडा गेला तरी नाही. संध्याकाळी तपासणीच्या खोलीत, तिरक्या फळीच्या ठेंगण्या स्टुलावर बसायचं, पाय फळीवर ठेवायचा, आणि तपासनीस काका बूट ओढून काढतात. काढताना म्हणतात, "पुरे." तो शब्द आला की पाळी संपली. सगळा कारखाना त्यांना पुरेकाकाच म्हणतो, खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलंय.

माझ्या आधी हे काम माझा मोठा भाऊ करायचा. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी तो परत येऊन स्टुलावर बसला, आणि नेमके त्या दिवशी पुरेकाका नव्हते. दाढ काढायला गेले होते. बदलीवरचा माणूस म्हणाला, बूट उद्या बघू. दादा थोडा वेळ तसाच बसून राहिला. मग उठून फाटकावरच्या रखवालदाराला म्हणाला, "बूट पायात आहेत म्हणजे पाळी संपलेली नाही. एक चक्कर मारून येतो." नियम म्हणजे नियम, असाच तो पहिल्यापासून. ती चक्कर काही संपली नाही.

पोलीस म्हणाले, मोठी माणसं जातात, परतही येतात. शेजाऱ्यांनी त्याला एक बाई चिकटवून दिली आणि तिच्या केसांचा रंगसुद्धा ठरवला. मी माझ्या गावाहून वहिनीच्या सोबतीला आले. शाळेच्या प्रयोगशाळेत जन्म काढून नुकतीच मोकळी झाले होते, लग्न केलेलं नाही, तेव्हा मला अडवणारं कुणी नव्हतं. वहिनी औषधांच्या दुकानात काम करते. तिनं बरेच महिने वाट पाहिली आणि उन्हाळा लागल्यावर सांगितलं की महिनाअखेरीला घर सोडून मुलीकडे जाणार.

"आणि दादा आला तर?"

"आला तर दार वाजवेल, वन्सं. दार उघडायला कुणी हवं, हे मला कळत नाही का? पण मी किती दिवस नुसतं दार होऊन बसू?"

ती मला वन्सं म्हणते ते एरवी चिडवायला, त्या दिवशी मात्र नुसतं थकून म्हणाली. मी दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन दादाची जागा मागितली. ज्या रस्त्यांवरून तो गेला, त्याच रस्त्यांवर महिना संपायच्या आत तो मला सापडायला हवा होता.

२

या शहरावर माझा राग होता. ज्यानं भाऊ गिळला त्याच्याशी काय गोड बोलायचं? पण पायांना राग धरता येत नाही. आठवडाभरात ते मला न विचारता जुन्या भागाकडे वळायला लागले.

नवा भाग सभ्य आहे. रुंद रस्ते, सारखी झाडं, कुणाचं कुणाकडे लक्ष नाही. नदीवरचा पूल ओलांडला की मात्र शहर घरच्या कपड्यांत भेटतं. तिथे पत्ता विचारला तर लोक हात दाखवत नाहीत, हनुवटी दाखवतात. सायकलवाले चढ आला की सायकल खांद्यावर घेतात आणि समोरच्याला म्हणतात, आता हिची पाळी. एक न्हावी सकाळी रिकामी खुर्ची उन्हात आणून ठेवतो, दमलेल्या कुणीही बसावं, केस कापायची सक्ती नाही. बँकेचं घड्याळ पुढे धावतं हे सगळ्यांना माहीत आहे, आणि ते दुरुस्त केलं तर आपण उशिरा पोचू म्हणून कुणी तक्रार करत नाही. पुलाचा लोखंडी कठडा सकाळच्या उन्हानं डावीकडे तापतो, उजवीकडे गार राहतो. येताजाता त्यावर हात फिरवायची मला सवयच लागली.

सरळ सांगते, मी प्रेमात पडले. पन्नाशी उलटल्यावर, तेही एका शहराच्या. घरी येऊन सांगितलं तर वहिनी म्हणाली, "पायाला भिंगरी लागलीय तुमच्या घराण्याला." आणि खोक्याला चिकटपट्टी लावत बसली.

एका दुपारी सुताराच्या दुकानावरून जाताना मला तहान लागली, आणि मनात आलं, पुढच्या वळणावर नळ आहे, त्याची तोटी उलटी फिरते. वळले. नळ होता. तोटी उलटी फिरवली आणि पाणी प्यायले. निम्मं पिऊन झाल्यावर लक्षात आलं की या वळणाला मी आधी कधी आलेच नव्हते.

दादानं कधीतरी फोनवर सांगितलं असेल, अशी मी समजूत घातली. तो सांगायचाही असलं काहीबाही. समजूत पटण्यासारखी होती, आणि मी ती पटवून घेतली.

३

पुरेकाकांची खोली लहान आहे. डिंकाचा वास, भिंतीवर टांगलेले पावलांचे लाकडी साचे, मान वाकवलेला दिवा. काका पाय फळीवर घेतात, लेस सोडतात, टाचेला धरून बूट ओढतात आणि "पुरे" म्हणतात. तो शब्द ऐकला की पोटऱ्या आपोआप सैल पडतात. मग ते सोल दिव्याखाली फिरवतात.

त्या संध्याकाळी त्यांनी उजवा सोल एकदा फिरवला, परत फिरवला आणि चष्मा पुसला.

"आज कुणी बरोबर होतं का?"

"बरोबर असलं तरी माझ्या बुटात कसं असेल, काका?"

त्यांनी सोल माझ्यासमोर धरला. माझी टाच बाहेरच्या बाजूनं झिजते, तिथे काळं पातळ झालं होतं. पण उजव्या अंगठ्याखाली एक पिवळी चंद्रकोर उमटली होती, नखाएवढी, स्वच्छ कडेची.

दादा लहानपणी कुंपणाच्या भिंतीवरून पडला होता. तेव्हापासून तो पाऊल उचलताना उजवा अंगठा किंचित फिरवायचा. आई म्हणायची, हा पोरगा चालत नाही, जमिनीवर सही करत जातो.

"आम्ही भावंडं आहोत," मी म्हटलं. "घराण्याची चाल असेल."

"असेल. पण चाल अशी आठवड्यात उगवत नाही, ताई." त्यांना अजून काही बोलायचं होतं. ते दिव्याची मान उगाच खालीवर करत राहिले आणि शेवटी म्हणाले, उद्या वेळेवर या.

४

मुलांना प्रयोग शिकवताना मी एकच गोष्ट घोकून घ्यायचे, की एका वेळी एकच काहीतरी बदलायचं. तेच आता स्वतःवर केलं. एक दिवस फक्त नव्या भागात चालले, चंद्रकोर आली नाही. एक दिवस नदीच्या अलीकडे, तेव्हाही नाही. पूल ओलांडला त्या दिवशी पुसट आली. सुताराच्या दुकानापलीकडे, जिथे घरं एकमेकांच्या खांद्यावर चढल्यासारखी वर जातात, तिथे दिवस घालवला, तर काळा थर कापून पिवळा खोलवर दिसला.

त्या दिवशी मी पहिल्यांदा आवाज ऐकला. चर्र. दगडावर रबर फिरल्याचा. मागून आला असता तर मी वळून पाहिलं असतं, पण तो माझ्याच पायाखालून येत होता. पाय टेकला की लगेच नाही, निमिषभरानं, दोन माणसं जोडीनं चालताना एक जरासं मागे असतं तसा. मी थांबले, पाऊल पाहिलं. सरळ होतं. चालले की पुन्हा चर्र.

मी घाबरले नाही. मला आनंद झाला, आणि तो इतका अचानक झाला की मी भिंतीला टेकून उभी राहिले. दादा होता. कुठे, कसा, ते राहू दे, पण तो या दगडांवर होता.

भीती नंतर आली, जिना चढून घरी येताना. तो नळ, ती उन्हातली खुर्ची, गार आणि गरम कठडा. यातलं मला काय आवडलं होतं आणि दादाला आवडलेलं काय माझ्या पायांतून वर चढलं होतं? मी ज्याच्या प्रेमात पडले म्हणत होते, ते प्रेम तरी माझं होतं का?

घरात खोकी भिंतीला लागली होती. वहिनीनं सगळं भरलं होतं, फक्त दाराशी दादाच्या चपला तशाच होत्या.

५

सुताराच्या पलीकडे एक दगडी पायऱ्यांचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना घरांची दारं थेट पायऱ्यांवर उघडतात. एका खिडकीत शिलाई मशीन चालू असतं, एकीत कुणी दाढी करत असतो, वरून बासरीवर कुणीतरी एकच ओळ घोटत असतं आणि शेवटच्या सुराला चुकतं. पायऱ्या मध्यभागी झिजून खोलगट झाल्या आहेत.

प्रत्येक पायरीच्या उजव्या अंगाला एक लाल चंद्रकोर होती.

मी वाकून बोट फिरवलं. बोटाला रबराचा लाल चुरा लागला, ओलसर, आत्ताच घासल्यासारखा. दादाचे त्या दिवशीचे बूट लालपर्यंत आले होते, हे काकांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"रोज पुसते," वरच्या पायरीवर झाडणारी मावशी म्हणाली. "रोज येतात."

"कोण येतं?"

"पाय येतात. मी खाली बघून झाडते, ताई, लोकांची तोंडं बघत बसले तर झाडणार कधी? काळी पँट, घासलेले बूट. वर जातात. उतरताना मात्र कधी दिसले नाहीत."

"वर काय आहे?"

"वर? पायऱ्याच."

मी चढले. वर एक लहान चौक लागला, तिथे एक फळी निखळलेलं बाक होतं, आणि फळी निखळलेली असणार हे मला आधीच माहीत होतं. बाकावरून सरळ गेले, एक बोळ, एक वळण, आणि समोर त्याच पायऱ्यांची सुरुवात. मघाशी मागे खाली राहिलेली मावशी माझ्याकडेच बघत होती, ती आता माझ्याही वर होती. मी एकही पायरी उतरले नव्हते. बोळ उताराचा असेल, मला कळलं नसेल, असं मी स्वतःला सांगितलं. उतार मला कळतो. तोच तर माझा धंदा आहे.

"आवडतो वाटतं त्याला हा भाग," मावशी म्हणाली आणि थोडं झाडून झाल्यावर पुढे म्हणाली, "आणि या भागाला तो."

६

मला तिथून लगेच निघायला हवं होतं. मी म्हटलं, अजून एकदा चढून बघू, म्हणजे दादा कुठे वळतो ते कळेल.

त्या चढण्यात त्रास काहीच नव्हता, हेच भयंकर होतं. तहान नाही, पाय दुखणं नाही. प्रत्येक फेरीला शहर एकेक नवीन गोष्ट काढून पुढे ठेवायचं. फक्त छत्र्या दुरुस्त करणारं दुकान. गच्चीवर वाळणारे एकाच मापाचे निळे सदरे. भिंतीतल्या कोनाड्यात झोपलेलं मांजर, आणि त्याच्या आकाराचा झिजलेला दगड. वाटायचं, एवढं वळण बघते आणि जाते. बासरीवाला अजून तीच ओळ वाजवत होता. तो आज शेवटचा सूर गाठेल असं वाटत होतं आणि तो ऐकल्याशिवाय जाववत नव्हतं.

लेस सुटली म्हणून मी खाली पाहिलं. सकाळी काळा घातलेला सोल कडेनं पूर्ण पिवळा झाला होता. एका दिवसात इतकं कुणी झिजत नाही. रस्त्यावरचे दिवे लागले होते, आणि ते कधी लागले ते मी पाहिलंच नव्हतं.

मी धावत सुटले. पुलापर्यंत पाय ओढून धरल्यासारखे जड होते, पुलानंतर सुटले. कारखाना बंद झाला होता, पण काकांच्या खोलीत दिवा होता. डबा पुढ्यात उघडा, हात न लावलेला. मी स्टुलावर टेकते न टेकते तोच त्यांनी दोन्ही हातांनी बूट ओढले आणि म्हणाले, "पुरे."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नका, काका," मी म्हटलं. "काय ते बोला."

"बोलण्यासारखं काय आहे? मी असतो तर त्याला पुरे म्हटलं असतं. माझं काम ते केवढं? एका शब्दाचं. नेमका त्या दिवशी नव्हतो."

"दाढ दुखत होती तुमची."

"दुसऱ्या दिवशी काढली असती."

मी त्यांना पायऱ्यांचं सांगितलं. ते हसले नाहीत, शंका काढली नाही. उठून त्यांनी स्टूल उचललं, फडक्यानं पुसलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"माझे गुडघे तेवढ्या पायऱ्या चढायचे नाहीत. तो इथे येत नाही ना, मग हे तिथे न्या."

"आणि शब्द? तो तुमचा आहे."

"शब्द काय कुणाच्या बापाचा असतो? फक्त विचारल्यासारखा म्हणू नका. सांगितल्यासारखा म्हणा."

७

दुसऱ्या दिवशी महिना संपत होता. मी कारखान्याचेच बूट घातले, कारण दुसऱ्या कुठल्या पायांनी मला तिथे पोचता आलं असतं अशी खात्री नव्हती. भर दुपारी पायऱ्यांच्या मध्यावर, जिथे जरा सपाट जागा आहे, तिथे स्टूल मांडलं आणि त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसले.

दाढी करणाऱ्यानं खिडकीतून विचारलं, "दुकान टाकताय का?"

"हो, आजच सुरू करतेय."

"मग पहिलं गिऱ्हाईक कोण?"

"येतंय खालून," मी म्हटलं.

आधी शिलाई मशीन थांबलं. मग बासरी. मग खिडकीतला वस्तरा. ऊन होतं तसंच होतं, फक्त आवाज एकेक करून उचलून नेले होते. मग खालून आलं, चर्र. पायरी. चर्र.

मान वर करायचं मी ठरवून आले होते. मान ऐकेना. मी फळीकडे बघत राहिले. आवाज माझ्या शेजारी आला, क्षणभर थांबला, आणि स्टूल वजनानं करकरलं. फळीवर एक बूट येऊन टेकला.

कातडं पांढरं पडलं होतं. लेसला दुहेरी गाठ होती. ही गाठ मी ओळखते. शाळेत जाताना दादा माझ्या बुटांना अशीच मारायचा, ती मला कधीच सुटायची नाही, संध्याकाळी त्यालाच सोडावी लागायची. मी केसांतली पिन काढून गाठीत घातली. माझ्या हाताखाली ते पाऊल चालतच होतं. टाच वर जात होती, खाली येत होती, बसल्या जागी.

"पुरे?" मी म्हटलं.

विचारल्यासारखंच निघालं. टाच वर गेली, खाली आली. माझ्या गुडघ्यांखालची पायरी ऊबदार व्हायला लागली. सुताराच्या भुशाचा वास आला, नळाच्या पाण्याची चव तोंडात आली, तळहाताला कठडा लागला, अर्धा गरम, अर्धा गार. बासरीवाल्यानं ती ओळ उचलली आणि अगदी हळू शेवटाकडे नेऊ लागला. सगळं मला आवडणारं. ते शहर मला लाच देत होतं.

मला राग आला. मनापासून आला, आणि त्या रागातच मला कळलं की हे प्रेम माझंच आहे, कारण परक्यावर माणूस असा चिडत नाही.

"तू मला आवडतंस," मी पायरीला म्हटलं. "रोज येईन. पण हा माझा भाऊ आहे, आणि त्याच्या घरी माणूस वाट बघतंय. पुरे."

पाऊल थांबलं.

बूट हातात आला आणि मी तो उलटा केला. सोल नव्हताच. काळा नाही, पिवळा नाही, लाल नाही, वरचं कातडं तेवढं उरलं होतं. मग मी पाऊल मांडीवर घेतलं. तळवा राखाडी होता, गुळगुळीत, मध्यभागी खोलगट, आणि त्यात दगडात असतात तशा बारीक शिरा होत्या. पायरी जितकी गार असते तितका गार होता.

मी तो चोळायला लागले. दोन्ही तळहातांनी, लहानपणी आई आमचे पाय चोळायची तसा, शिव्या देत, रडत. बराच वेळ काही झालं नाही. मग करंगळी हलली. मग राखाडीखालून कडेला जरासा लालसर रंग आला. मी दुसरा पाय फळीवर घेतला. तो मुकाट्यानं आला.

"ऊठ," मी म्हटलं. "वहिनीनं खोकी भरलीत. रिकामी करायला तूच लाग."

स्टूल कमरेवर घेऊन मी उतरायला लागले. आज पायऱ्या खाली जात होत्या. मागे वळून पाहिलं नाही, आणि त्यात गूढ काही नाही. एका हातात स्टूल, दुसऱ्या हातात बूट, पाय घसरला असता तर दोघंही गडगडलो असतो. मागून अनवाणी पावलं येत होती, थप, थप. चर्र नव्हतं. आमच्यामागे बासरी शेवटच्या सुरापर्यंत आली आणि चुकली.

८

वहिनीनं दार उघडलं तेव्हा तिच्या हातात चिकटपट्टीचं रीळ होतं. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं, आणि किती तरी वेळ पाहत राहिली. मी फक्त तिचा चेहरा बघत होते. तो चेहरा आधी पांढरा पडला, मग शोधलेलं सापडल्यासारखा सैल झाला, आणि तिच्या हातातलं रीळ खाली पडून घरंगळत गेलं.

"बूट कुठेत?" तिनं विचारलं.

"माझ्या हातात आहेत," मी म्हटलं.

"मग पाय पुसून आत या," ती म्हणाली, आणि "या" म्हणताना तिचा आवाज फुटला.

मी जिंकले होते. मला ते ओरडून सांगायचं होतं, शेजारच्या प्रत्येक दारात जाऊन, विशेषतः त्या केसांचा रंग ठरवणाऱ्या दारात. पण मी उंबऱ्यावरच बसले, कारण माझा उजवा पाय थांबत नव्हता. पायपुसण्यावर टाच वर जात होती, खाली येत होती. बूट अजून माझ्या पायात होते.

कुणीतरी माझ्यासमोर खाली बसलं. मला वाकलेलं डोकं दिसलं, टाळूजवळ विरळ झालेले केस, त्यांत दगडाची बारीक पूड. हातांनी माझी गाठ सोडली. बूट ओढला, दुसरा ओढला.

"पुरे," दादा म्हणाला. विचारल्यासारखं नाही.

मग मात्र मी रडले. लहानपणी गाठ सुटली नाही की रडायचे, तशी. त्यानं मान वर केली नाही, माझी पावलं धरून बसला आणि बऱ्याच वेळानं म्हणाला, "फार सुंदर आहे गं ते."

तो कुठे होता याबद्दल तेवढंच बोलला. त्यानंतर आजवर नाही.

९

वहिनीनं खोकी उघडली आणि ताकीद दिली की पुन्हा भरायला लावलंत तर दोघांनाही खोक्यात घालीन. दादा आता चालत नाही, पुरेकाकांच्या शेजारी बसून लोकांचे बूट ओढतो. काका दाढ दाखवायला गेले तरी आता खोली रिकामी राहत नाही. त्याचे तळवे अजून गार लागतात अशी वहिनीची तक्रार असते, आणि ती ही तक्रार मोठ्या आवडीनं, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाकडे करते.

मी चालते. पूल ओलांडून जाते, उलट्या तोटीचं पाणी पिते, न्हाव्याच्या खुर्चीत उन्हात बसते आणि संध्याकाळी वेळेवर परत येते.

परवा मावशीनं मला पायऱ्यांवर थांबवलं आणि झाडूनं दाखवलं. पुन्हा खुणा होत्या. या वेळी पिवळ्या, आणि अंगठ्याच्या नव्हत्या, टाचेच्या बाहेरच्या बाजूच्या. ती टाच मी रोज संध्याकाळी दिव्याखाली बघते. खुणा वर गेल्या होत्या. आमच्या डोक्यावर कुठेतरी कुणीतरी माझ्या चालीनं चढत होतं, आणि ते पाऊल टेकल्याचं ऐकू येत होतं.

मी पायऱ्यांच्या मधोमध उभी राहिले.

"पुरे," मी म्हटलं.

वरचं पाऊल थांबलं. शिलाई मशीन क्षणभर अडलं आणि पुन्हा सुरू झालं. मावशी वर जाऊन बघून आली. खुणा अर्ध्या जिन्यात संपल्या होत्या, पुढची पायरी कोरी होती.

"ऐकतं की तुमचं," ती म्हणाली.

"न ऐकून सांगेल कुणाला? मी आवडते त्याला."

ती खुणा पुसायला लागली आणि मी उतरले. पुलावर आले तेव्हा ऊन कधीच उतरलं होतं, नदीवरून वारा येत होता. सवयीनं कठड्यावर हात ठेवला. दोन्ही बाजूंनी गरम होता. मी हात थोडा वेळ तिथेच राहू दिला, थोपटल्यासारखं केलं, आणि मग निघाले, कारण काका वाट बघत होते आणि त्यानंतर घरी जेवायला थांबणारी माणसं होती.